पल्ले तेच राहतील

दामिनी घाटोळ सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि महिन्यातले पंधरा दिवस तिची रात्रपाळी असायची. तिची रात्र सकाळी साडेनऊला सुरू व्हायची. घरी येऊन आंघोळ, दोन पोळ्या, आणि मग पुढच्या खोलीत पडदे ओढून झोप. निदान तसं ठरलेलं होतं.

घर जुन्या अकोल्यात, बाळापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. तीन वर्षांपूर्वी तिने ते भगवंतराव मास्तरांकडून विकत घेतलं. मास्तर लेकीकडे नागपूरला निघाले होते. तेव्हा दवाखान्यातल्या सगळ्यांनी तिला फ्लॅट घे म्हणून सांगितलं. एकटी बाई, लग्न केलेलं नाही, सोबत म्हातारी आई, लिफ्टवाला फ्लॅट सोडून ही जुनी माडी कशाला? दामिनीने ऐकून घेतलं आणि माडीच घेतली.

कारण खिडक्या होत्या. रस्त्याकडे तोंड असलेल्या तीन उंच खिडक्या. मेळघाटी सागवानाची चौकट, प्रत्येकीला खाली दोन आणि वर दोन असे लाकडी झडपांचे पल्ले, मधे उभे लोखंडी गज, आणि माथ्यावर अर्धगोल कमानीत लाल, हिरव्या, पिवळ्या काचा. मधल्या खिडकीखाली पूर्वी ओटा होता. त्या ओट्यावर तिची आई भागीरथा बावीस वर्षं फुलं विकायला बसली. बार्शीटाकळीजवळच्या मामाच्या मळ्यातून शेवंती, झेंडू, निशिगंध यायचा. मोठा भाऊ जीवन सायकलवरून पोतं आणायचा, आई हार गुंफायची, आणि दामिनी गजांतून आतल्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्याउभ्या अभ्यास करायची. मास्तरांनी कधी हटकलं नाही. उलट पाऊस आला की त्यांची बायको आतून पल्ला उघडून म्हणायची, "फुलं आत दे वं भागीरथा, भिजून राहिली."

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला. ओटा गेला. सिमेंटचा रस्ता खिडकीपासून चार हातांवर आला, आणि पलीकडे एका रिकाम्या प्लॉटवर लग्नाचं लॉन उभं राहिलं. मग कुठल्याशा पुलाचं काम निघालं आणि जड गाड्या याच रस्त्याने वळवल्या. ट्रक गेला की पेल्यातलं पाणी हलायचं. वळणावर प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न दाबायचाच. दामिनी कानात कापूस घालून, वर ओढणी गुंडाळून पडायची. मागच्या बाजूला स्वयंपाकघर होतं, तिथे खाट मावत नव्हती. मधल्या खोलीला खिडकीच नव्हती. वरच्या माडीवर पत्रे होते, अकोल्याच्या एप्रिलमध्ये तिथे पापड वाळवावेत, माणसाने झोपू नये.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, पाळी संपायला तास उरलेला असताना, तिने वॉर्डात एका पेशंटसाठी इंजेक्शन भरलं. सुई लावण्याआधी सवयीने फाईल पाहिली आणि तिच्या लक्षात आलं की हातातलं औषध शेजारच्या खाटेवरच्या बाईचं आहे. काही झालं नाही. तिने ते टाकून दिलं, दुसरं भरलं, आणि इन्चार्ज सिस्टरला स्वतःहून सांगितलं. पण घरी जाताना ऑटोत ती बोटांवर मोजत बसली. गेल्या सहा दिवसांत आपण किती झोपलो याचा हिशोब तिने केला, तो चौदा तासांवर आला.

त्या दिवशी तिने जीवनला फोन केला. जीवन अमरावतीला असायचा, लहानमोठी बांधकामं घ्यायचा; त्याची लेक आचल लग्नाची झाली होती.

"दादा, खिडक्याचं काहीतरी करा लागते. मले झोप नाही होऊन राहिली."

"मी तीन वर्षापासून काय सांगून राहिलो?" जीवन म्हणाला. "त्या खिडक्या काढ. माह्या ओळखीचा पोरगा आहे अकोल्यात, स्वप्निल. उद्याच पाठवतो."

स्वप्निलचं खिडक्यांचं शोरूम होतं. तो टॅबलेट घेऊन आला, पायातले बूट कोणी न सांगता बाहेर काढले, भागीरथेला नमस्कार केला. मुलगा वागायला चांगला होता. त्याने तिन्ही खिडक्यांची मापं घेतली आणि पडद्यावर चित्र दाखवलं: याच घराच्या भिंतीत पांढऱ्या शुभ्र सरकत्या खिडक्या. घर दातांची नवी कवळी बसवल्यासारखं दिसत होतं.

"जुनी चौकट पूर्ण निघेल मॅडम. दोन दिवसांचं काम. जुनं लाकूड आम्हीच घेऊन जाऊ, तुम्हाला भानगड नाही."

"चौकट ठेवून नाही होत का?"

"जुन्या लाकडात साउंडप्रूफ होतच नाही. कंपनी गॅरंटी देत नाही."

"मी विचार करून सांगते," दामिनी म्हणाली.

दवाखान्यात कानाच्या विभागात प्रणाली नावाची मुलगी होती, लोकांची ऐकण्याची तपासणी करायची. तिची खोली बंद झाली की बाहेरची गर्दी एकदम नाहीशी व्हायची, हे दामिनीने पाहिलेलं. दुपारच्या पाळीत असताना ती तिच्याकडे गेली आणि विचारलं, जुन्या लाकडात आवाज अडतच नाही, हे खरं का?

प्रणाली हसली. "सिस्टर, माझ्या खोलीचं दार लाकडाचंच आहे. आवाज पाण्यासारखा असतो. फट दिसली की आत. तुमची खिडकी जुनी आहे म्हणून आवाज येत नाही, फटी आहेत म्हणून येतो. सरकत्या खिडकीलाही फटी असतातच, सरकायला जागा लागते ना."

"मग काय करायचं?"

"जुनीच्या आतून दुसरी खिडकी. मधे चांगली वीतभर पोकळी, जाड काच, आणि कडेने घट्ट रबर. पण ते करणारा माणूस शोधावा लागेल."

माणूस शोधायच्या आधीच दुसरं घडलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दामिनी पाळी संपवून पावणेनऊला घराशी पोचली. दारात टेम्पो उभा होता, त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पांढऱ्या चौकटी. उजवीकडच्या खिडकीचा एक पल्ला निघून भिंतीला टेकलेला होता, त्याची बिजागरी पहारीने उपटलेली, लाकडाचा टवका उडालेला. दोन कामगार पहार घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. आणि मधल्या खिडकीत, पल्ले सताड उघडे टाकून, सत्तर वर्षांची भागीरथा कट्ट्यावर मांडी घालून बसली होती. दोन्ही हातांनी गज धरलेले.

"मी म्हटलं, आंधी मले उचला," ती लेकीला म्हणाली. "मंग खिडकी उचला."

स्वप्निल घाईघाईने पुढे आला. "मॅडम, गैरसमज झाला. जीवनभाऊंनी फोन केला होता, करून टाक म्हणाले. तुमच्यासाठी सरप्राइज होतं. माल पण तयार झाला."

"घर कोणाच्या नावावर आहे, विचारलं होतं तुम्ही?"

स्वप्निलने टेम्पोकडे पाहिलं.

"मी विचार करून सांगते म्हटलं होतं. सांगितलं का मी?"

"नाही मॅडम. पण या फ्रेम आता दुसरीकडे बसत नाहीत."

"तो तुमचा आणि माझ्या भावाचा विषय. तो पल्ला आत आणून ठेवा. बिजागरीचे खिळे पडले असतील तेही वेचून द्या."

कामगार स्वप्निलकडे पाहत राहिले. दामिनीच्या अंगावर अजून दवाखान्याचा पांढरा कोट होता, डोळे तांबारलेले, खांद्याला डब्याची पिशवी. ती दारातून हलली नाही. मागे एक बस अडकली, ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला, टेम्पो मधेच होता. दामिनीने मागे वळूनही पाहिलं नाही. शेवटी एका कामगाराने वाकून खिळे वेचायला सुरुवात केली.

टेम्पो गेला. उजव्या खिडकीच्या भोकाला तिने जुनी सतरंजी बांधली. त्या दिवशी ती झोपलीच नाही.

दुपारी जीवन अमरावतीहून आला. आल्या आल्या आईच्या पाया पडला, पाणी प्याला आणि मग बोलायला लागला.

"चार लोकात माही काय इज्जत राहिली? त्या पोराले मी शब्द दिला होता."

"माह्या घराचा शब्द तू काहून दिला?"

"तू झोपत नाही म्हणून. तुह्या हातून उद्या एखादा पेशंट मेला तं? फोनवर माह्याजवळ रडत होती ना?"

"रडली. खिडकी तोड म्हटलं का?"

जीवन उठून त्या सतरंजी बांधलेल्या खिडकीपाशी गेला. मागे न वळता म्हणाला, "आचलसाठी स्थळं पाहून राहिलो. मागच्या वेळी पाहुणे आले होते, त्यातल्या एका माणसाने इकडे गाडी उभी केली अन म्हणे, अरे, हे तं मास्तरचं घर, याच्या खिडकीखाली एक फुलवाली बसत होती. सगळे हसले. त्याले माहीत नव्हतं ती कोण. मी पण सांगितलं नाही."

मधल्या खोलीत भागीरथा तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"लाज वाटली तुले," दामिनी म्हणाली.

"वाटली. खोटं कायले बोलू?"

"तिथं बसून मायने तुले डिप्लोमा शिकवला दादा."

"मले माहीत आहे."

"माहीत आहे अन तरी तू पहार पाठवली. मी हे घर कशासाठी घेतलं असं वाटते तुले? मास्तरच्या फरश्या आवडल्या म्हणून? जिथं आमी बाहेर उभ्या होतो, तिथं मले आतून उभं राहायचं होतं. त्याच खिडकीत. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नाही."

"मग सांग," जीवन वळून म्हणाला, "तुले झोप पाहिजे का खिडकी पाहिजे?"

"दोनी पाहिजे."

"दोनी नसते भेटत."

"पाहू," दामिनी म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस ती पाहतच होती. अकोल्यातले तीन सुतार तिने गाठले. एकाने बघण्याआधीच काचेच्या दुकानात जा म्हणून सांगितलं. दुसरा आला, खिडक्यांवरून हात फिरवला आणि विकता का विचारलं. तिसऱ्याने हो म्हटलं आणि परत फोन उचलला नाही. शेवटी प्रणालीनेच नाव सुचवलं. ती मूळची अमरावतीची. तिच्या माहेरच्या आळीतल्या जुन्या देवळाची दारं एका बाईने दुरुस्त केली होती. बडनेरा रोडला त्या बाईच्या वडिलांचा सुतारकामाचा कारखाना आहे, आता तीच चालवते.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दामिनी गाडीने बडनेऱ्याला उतरली. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, भुशाचा वास आणि एका खुर्चीवर बसलेले पंजाबराव. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून ते आता हत्याराला शिवत नसत, फक्त बघत आणि चुका काढत. त्यांची मुलगी दीपमाला तिशीची, पंजाबी ड्रेसच्या बाह्या दुमडलेल्या, केसांत भुसा. तिने दामिनीच्या मोबाइलवरचे फोटो पाहिले, मोठे करून पाहिले, आणि बापाला दाखवले.

"सागवान आहे," पंजाबराव म्हणाले. "कोणं काढाले सांगितलं हे?"

"सगळ्यानं," दामिनी म्हणाली.

"सगळे येडे आहेत."

दीपमाला म्हणाली, "ताई, मी आवाजाच्या खिडक्या आजवर केल्या नाहीत, आधीच सांगते. पण फट बुजवणं हे सुताराचंच काम आहे. आधी खिडकी पाहू."

रविवारी ती आली. तिने तिन्ही खिडक्या लावून घेतल्या, उदबत्ती पेटवली आणि ती पल्ल्यांच्या कडेने हळूहळू फिरवत गेली. जिथे धूर वाकडा होई तिथे खडूने फुली. एकेका खिडकीवर दहा-बारा फुल्या झाल्या. मग कागदाची पट्टी पल्ल्यात अडकवून ओढून पाहिली. पट्टी सहज निघून आली. शेवटी तिने भिंतीची जाडी मोजली आणि पहिल्यांदा हसली.

"भिंत दीड फुटाची आहे. खिडकी बाहेरच्या कडेला. आत हा जो कट्टा सुटला आहे ना, इथंच आपली दुसरी खिडकी. मधे वीतभर जागा राहते."

"त्या कट्ट्यावर मी अभ्यास करायची," दामिनी म्हणाली.

"कट्टा जात नाही. थोडा अरुंद होईल."

तिने सगळं सांगितलं. जुने पल्ले काढून कारखान्यात नेऊन सरळ करायचे, फटींना आतून सागवानी पट्ट्या. आतली खिडकी जुन्या घरांतून निघालेल्या सागवानाचीच, आत उघडणारी, सरकणारी नाही. काच दुहेरी, मधे प्लॅस्टिकचा पातळ थर दाबलेली. आणि आतल्या खिडकीची आडवी पट्टी जुन्या पल्ल्यांच्या जोडाच्या बरोब्बर मागे, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला काही कळणार नाही.

"ट्रकचा, हॉर्नचा आवाज जाईल," ती म्हणाली. "बँडच्या ढोलाचा दणका मात्र थोडा येईल. तो जमिनीतून येतो, त्याले मी काही करू शकत नाही. अन हा कूलर इथून हलवा."

डावीकडच्या खिडकीत कूलर होता. आता भागीरथा उठली.

"बाई, अकोल्याचा उन्हाळा पाह्यला का तू? कूलर काढून मरू का आमी?"

"माय, मागं अंगण आहे ना? स्वयंपाकघराच्या खिडकीत लावू. तिकडून हवा येईल, जिन्याच्या दारातून निघून जाईल. तिकडे आवाज नाही."

भागीरथेने तिच्याकडे नीट पाहिलं. "अन पल्ले?"

"पल्ले तेच राहतील. तुटका पण तोच."

पल्ले अमरावतीला गेले, खिडक्यांवर तीन आठवडे ताडपत्री लागली. त्या दिवसांत दामिनीने दिवसपाळ्या मागून घेतल्या. त्याबदल्यात मे महिन्याच्या सगळ्या रात्रपाळ्या तिच्या नावावर लागल्या. शेजारचे विचारायचे, सुतारीण आणली म्हणे? खिडकीच्या आत खिडकी म्हणजे काय? समोरच्या लॉनचा मालक एकदा रस्त्यातच म्हणाला, "मॅडम, एवढा त्रास होतो तर घर द्या ना मला. पार्किंगला जागा कमीच पडते." दामिनी म्हणाली, "तुमचंच लॉन विकायचं झालं तर आधी मला सांगा. मला फुलं लावायला जागा पाहिजे."

एप्रिलच्या शेवटी दीपमाला दोन माणसं आणि काचा घेऊन आली. काच इतकी जड होती की एकेक तावदान धरायला तिघांनाही हात लावावा लागला. दोन दिवस काम चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी रबरी पट्ट्या बसल्या. जीवनही आला होता, न बोलावता. तो भिंतीला टेकून हाताची घडी घालून बघत होता.

दीपमालाने बाहेरचे पल्ले लावले, मग आतले, आणि कडी दाबली. खोलीत एकदम कोंदट शांतता झाली. बाहेर ट्रक गेला, त्याची घरघर लांबून आल्यासारखी वाटली. दामिनीने श्वास सोडला. तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला, आणि तो सरळ आत आला. बारीक, टोकदार, सुईसारखा.

दुसरा हॉर्न. तोही आला.

"मी म्हटलं होतं," जीवन म्हणाला.

उदबत्ती घेऊन दीपमाला आतल्या काचेच्या चारी कडा फिरली. धूर सरळ वर गेला. मग ती शिडी लावून कमानीपर्यंत चढली. आतली खिडकी चौकोनी होती, कमानीच्या खालपर्यंतच. कमानीला काचा आहेत म्हणजे ती बंदच, असं धरून तिने ती तशीच सोडली होती. आता तिने रंगाचा थर नखाने खरवडला. काचांच्या खाली लाकडात कोरलेल्या फुलांची एक ओळ होती, आणि प्रत्येक फुलाच्या मधोमध गरम हवा जायला आरपार भोक. वर्षानुवर्षांच्या रंगाने ती अर्धी झाकलेली होती.

ती शिडीवरून उतरली. "चूक माही आहे," ती म्हणाली. "कमानीले पण आतून अर्धगोल काच लागते. मी पाह्यलं पाहिजे होतं. काच कापून आणायले आठ-दहा दिवस जातील."

"आठ दिवस," जीवन म्हणाला. "दामिनी, स्वप्निलच्या त्या चौकटी अजून गोडाउनमध्ये पडून आहेत. आतातरी ऐक."

सगळे दामिनीकडे बघायला लागले. तिच्या रात्रपाळ्या परवापासून लागत होत्या. ती थकलेली होती, आणि खरं सांगायचं तर तिलाही त्या क्षणी भीती वाटली, की आपण हट्टापायी काहीतरी भलतंच करून बसलो आहोत. भोकात बोळे कोंबता आले असते. ते तिला सुचलं, आणि मग ती कोरलेली फुलं मोजावीत तशी बघत उभी राहिली. इतकी वर्षं खालून बघून तिला ती कधी दिसलीच नव्हती.

"कापून आणा काच," ती दीपमालाला म्हणाली. "आठ दिवस मी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये मैत्रिणीकडे झोपीन. दादा, तुले थांबायचं असेल तं थांब, नाही तं पाच वाजताची गाडी आहे."

जीवन त्या दिवशी गेला. पण अर्धगोल काचा आल्या तेव्हा परत आला. दीपमालाने सोबत आणलेला गवंडी कमानीच्या आत खाच पाडायला लागला आणि पहिल्याच घावाला चुन्याचा हातभर पोपडा खाली आला. जीवन पुढे झाला.

"थांब बे. हे सिमेंट नाही, चुना आहे. असा मारशील तं कमान येईल खाली."

त्याने शर्ट काढून खुंटीला अडकवला, बारीक छिन्नी मागून घेतली आणि शिडीवर चढला. दिवसभर तो तिथेच होता. हलक्या हाताने, बोटभर बोटभर, तीन कमानींची खाच त्याने पाडली. भागीरथेने खालून दोनदा चहा दिला. त्याने तो शिडीवरच प्याला. संध्याकाळी उतरला तेव्हा भुवया चुन्याने पांढऱ्या झाल्या होत्या. अंधार पडायच्या आत दीपमालाने त्या खाचांत काचा बसवल्या.

दुसऱ्या सकाळी दामिनी पाळी करून आली. बाहेरचे पल्ले ओढले, आतली खिडकी लावली, कडी दाबली. ती खाटेवर बसून ऐकत राहिली. पंख्याचा आवाज. मागच्या खिडकीत कूलरची पाणी पडल्यासारखी सळसळ. स्वयंपाकघरात आईने झारा ठेवला, तो आवाज. एक ट्रक वळला, हे तिला पेल्यातलं पाणी हललं म्हणून कळलं. कमानीच्या काचांतून लाल-हिरवा उजेड भिंतीवर होता, म्हणून तिने पडदा ओढला नाही. उठली तेव्हा चार वाजून गेले होते.

मे महिन्यात आचलसाठी धामणगाव रेल्वे या गावचे पाहुणे येणार होते. त्यांचे एक नातेवाईक अकोल्यात होते, म्हणून भेट इथेच ठरली. जीवनने फोन केला.

"त्या दिवशी पुढची खोली मोकळी कर. खाट मागं टाकू."

"त्या दिवशी माही रात्रपाळी झालेली राहीन. मी झोपीन."

"पाहुणे आल्यावर आत्या झोपलेली?"

"झोपलेलीच. मधल्या खोलीत बसव त्याइले. मले बोलायचं असेल तं पाचनंतर थांबा म्हणा."

जीवनने फोन ठेवला. आचलने तेव्हाच आत्याला मेसेज टाकला, की तू झोप, मी सांभाळते.

पाहुणे अकराला आले. समोरच्या लॉनवर त्या दिवशी लग्न होतं आणि वरात दारातूनच गेली. दामिनी झोपली होती. पाच वाजता उठून ती मधल्या खोलीत आली तेव्हा पाहुणे निघून गेले होते आणि भागीरथा ताटल्या आवरत होती. जीवन आणि आचल त्यांना स्टेशनवर सोडायला गेले होते.

"ढोल लय वाजला का?" दामिनीने विचारलं.

"कानठळ्या बसल्या आमच्या. तुले ऐकू नाही आला?"

"थोडा खाटेत आला. स्वप्नात वाटला." तिने चहा ओतून घेतला. "काय म्हणत होते पाहुणे?"

"पोराच्या मायने विचारलं, इतका रस्ता झाला, सगळ्यानं नव्या बसवल्या, तुमी काहून जुन्याच खिडक्या ठेवल्या?"

"मग? तू काय सांगितलं?"

"मी कायले सांगू?" भागीरथा म्हणाली. "मी तोंड उघडायच्या आंधी जीवनच बोलला. म्हणे, या मधल्या खिडकीखाली माही माय फुलं विकत होती, बावीस वर्षं. मी सायकलवर पोतं आणायचो. म्हणून ठेवल्या."

दामिनीने कप खाली ठेवला. "असंच म्हणाला?"

"असंच. खाली मान घालून पोहे खात खात."

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हणतीन? पोराच्या बापानं विचारलं, निशिगंध कुठून आणत होते. बार्शीटाकळीचा म्हटलं. मंग त्यानं अजून पोहे मागितले."

सोयरिकीचं पुढे काय होईल ते त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हतं. आचललाही फारशी घाई नव्हती. दामिनीने चहा संपवला, आंघोळ केली, इस्त्रीचा कोट अंगात घातला आणि डबा घेऊन साडेसातला दवाखान्यात निघाली. तिच्या वॉर्डात त्या रात्री तीस खाटा भरलेल्या होत्या.